‘ठीक आहे’ म्हणजे किती ठीक?

प्रिय मुक्ता,

हे पत्र परवाच लिहायला बसलो होतो. पहिल्या चार ओळी इतक्या कडू उतरल्या की कागद फाडून टाकला. फोनवर लिहायचं नाही असं ठरवलंय. फोनवर मी काही लिहिलं की तू त्याला अंगठा दाखवतेस, आणि त्या अंगठ्याशी पुढे काय बोलायचं ते मला अजून समजलेलं नाही. लिहून झालं की अवी पानांचे फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर आईला विचार.

तू पेरूतल्या कुस्कोमध्ये उंचीच्या त्रासाने तीन दिवस आजारी होतीस हे मला शुक्रवारी कळलं. तेही अवीच्या तोंडून निसटलं म्हणून. आईला मंगळवारपासून माहीत होतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस तू मलाही संदेश पाठवले होतेस. ते पुन्हा काढून पाहिले. तिन्हींत दोनच शब्द: ठीक आहे.

नाकात प्राणवायूची नळी, आणि ठीक आहे.

असो. त्यावर मी बोलणार नाही असं आईला कबूल केलंय. निघायच्या आदल्या रात्री तू विचारलं होतंस, ‘बाबा, तुझ्या वहीतलं काय काय बघून येऊ?’ फोनवर तुझं लोकेशन मला दिसू दे म्हणण्यावरून झालेल्या त्या भांडणात मी फुरंगटून बसलो होतो, म्हणून ‘तुला हवं ते बघ’ म्हणालो. ते मनाला लागून राहिलंय. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे पत्र समज. वही समोर उघडी आहे. निळी, तिसरी. पहिल्या दोन त्या गळतीत गेल्या.

सगळ्यात आधी गवताचा पूल. कुस्कोच्या दक्षिणेला अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा झुलता पूल आहे, सुमारे २८ मीटर लांब, आणि सगळाच्या सगळा डोंगरी गवताचा. खिळा नाही, तार नाही. इंकांच्या राज्यात दऱ्याखोऱ्यांतून असे कितीतरी पूल होते. हा दरवर्षी जूनमध्ये नव्याने बांधतात. आसपासच्या चार वस्त्यांतली केचुआ, म्हणजे तिथली मूळची, माणसं गोळा होतात. बायका गवताच्या बारीक दोऱ्या वळतात, पुरुष त्या दोऱ्यांना पीळ घालून जाडजूड दोरखंड करतात, जुना पूल कापून नदीत सोडून देतात आणि तीन दिवसांत नवा उभा करतात. २०१३ साली युनेस्कोने ही विद्या जगाच्या अमूर्त वारशात धरली. ते ठीकच, पण मला त्यानंतरची गोष्ट जास्त आवडते. २०२० साली महामारीमुळे काम झालं नाही, एका वर्षाचा खाडा पडला, आणि मार्च २०२१ मध्ये पूल तुटून खाली आला. जूनमध्ये माणसांनी पुन्हा बांधला. शेकडो वर्षं टिकलेला पूल असं आपण लिहितो. खरं तर गवताचा एकेक पूल वर्षा-दोन वर्षांपलीकडे टिकत नाही. टिकलं ते दरवर्षी जमणं. तू जूनपर्यंत त्याच भागात आहेस. जमलं तर जा, आणि दोरी वळणाऱ्या बायकांपाशी थोडा वेळ बस. फोटो नको, हात कसे चालतात ते बघून ये.

फक्त एक लक्षात ठेव. ती जागा कुस्कोपेक्षाही उंचावर आहे.

झालं. वळलोच शेवटी तिकडे. आता वळलोच आहे तर बोलून घेतो. लिमा समुद्रकाठी, आणि तिथून दीड तासात विमानाने तू ३,४०० मीटरवर जाऊन उतरलीस. मध्ये कुठे तरी कमी उंचीवर दोन मुक्काम कर, हे मी दिलेल्या सूचनांच्या कागदावर तिसऱ्या क्रमांकाला लिहिलं होतं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त चढवायची नाही. डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर रात्र आहे, पैसे भरलेत, सोबतचे काय म्हणतील, यातलं काहीही न बघता खाली उतरायचं. आणि तू पुढे बोलिव्हियात ला पाझला जायचं म्हणतेस. तिथला विमानतळ ४,००० मीटरच्या वर आहे, मुक्ता. चार हजार.

हे सगळं तुला तिथल्या डॉक्टरांनी माझ्यापेक्षा नीट सांगितलं असणार. तू चौतीस वर्षांची आहेस. माफ कर.

पण वहीत याचीही नोंद निघाली, ती सांगतो. आकोस्ता नावाचा एक स्पॅनिश जेझुइट धर्मगुरू सोळाव्या शतकात पेरूमध्ये पारियाकाका नावाचा डोंगर ओलांडत होता. वाटेत त्याला इतक्या उलट्या झाल्या की आता आपण मरणार असं त्याला वाटलं. १५९० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने ते सगळं लिहिलं, आणि दोष तिथल्या हवेच्या विरळपणाला दिला. प्राणवायू सापडायला तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षं अवकाश होता, तरी गड्याने बरोबर ओळखलं. त्याच्याही आधी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या चिनी नोंदींत पश्चिमेकडच्या वाटेवर ‘मोठा डोकेदुखीचा डोंगर’ आणि ‘छोटा डोकेदुखीचा डोंगर’ अशी चक्क नावं आहेत. माणसांची डोकी दुखतात, उलट्या होतात, गाढवं आणि गुरंसुद्धा सुटत नाहीत, असं लिहिलंय. बघ, तिथल्या कोण्या कारकुनानेही गाढवाचं डोकं दुखलं तर दुखलं असंच नोंदवलं. ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा झाला नाही.

भांडणात तू ओरडलीस, ‘मी काय जगातली पहिली बाई आहे का, एकटी निघालेली?’ मला त्याही क्षणी पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या बाईचं नाव आठवत होतं. पण भांडताना असलं काही सांगायची सोय नसते. जान बारे. फ्रेंच. १७६६ साली बूगॅंव्हील या दर्यावर्दीची मोहीम निघाली तेव्हा जहाजावर बायकांना मज्जाव होता, म्हणून ती पुरुषाच्या वेशात वनस्पतीशास्त्रज्ञ कॉमर्सोंची मदतनीस बनून चढली. दिवसभर डोंगर तुडवत झाडं गोळा करायची. पुढे ती बाई असल्याचं उघडकीला आलं, मॉरिशसमध्ये तिला उतरावं लागलं, कॉमर्सों तिथेच वारला. ती फ्रान्सला परतली १७७५च्या सुमारास, तेव्हा तिची प्रदक्षिणा पुरी झाली. काही वर्षांनी त्याच फ्रेंच नौदलाने तिला निवृत्तिवेतन दिलं. पहिली नाहीस तू. पण अवीला विचार, येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून मी तुझ्या प्रवासाचा नकाशा कसा दाखवतो ते. परवा गॅस दुरुस्त करायला आलेल्या मुलालाही दाखवला. तो म्हणाला, ‘ताई एकट्याच?’ मी म्हटलं, ‘हो, एकटीच,’ आणि कॉलर ताठ केली. रात्री झोप लागली नाही, ती गोष्ट वेगळी.

आता पुढची नोंद मी मुद्दाम शोधलेली नाही, शपथेवर सांगतो, पान उलटताना आली.

१८४५ साली सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जायचा मार्ग शोधायला निघाला. १२९ माणसं आत बर्फात गेली, ती गेलीच. कुणी परत आलं नाही. त्याच्या बायकोने, लेडी जेन फ्रँकलिनने, वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागून आणि स्वतःचे पैसे घालून शोधमोहिमा पाठवल्या. १८५९ साली तिने पाठवलेल्या माणसांना किंग विल्यम बेटावर दगडांच्या ढिगाऱ्यात एक कागद मिळाला. छापील अर्जासारखा कागद. त्यावर २८ मे १८४७ या तारखेला लिहिलंय: सर्व ठीक. इंग्रजीत, पण शब्द हेच. आणि त्याच कागदाच्या कडेने, कोऱ्या जागेत, उलटंसुलटं फिरवून दुसरा मजकूर आहे, तारीख २५ एप्रिल १८४८. जहाजं सोडून दिली आहेत. २४ माणसं मेली आहेत. सर जॉन फ्रँकलिन ११ जून १८४७ ला वारले.

म्हणजे ‘सर्व ठीक’ लिहिल्यापासून दोन आठवड्यांनी.

लिहिणारा खोटारडा नव्हता. त्या दिवशी त्याला तसं वाटत असेल, किंवा वरच्यांनी तसं लिहायला सांगितलं असेल, किंवा तो कागद वाचणाऱ्याला उगाच घोर नको असंही असेल. मी हे वाक्य वीस वर्षांपूर्वी उतरवून घेतलं तेव्हा मला त्यात जहाज दिसलं होतं. आता त्या कागदाची वाट पाहत बसलेली बाई दिसते. तिथल्या इनुइट लोकांनी काय घडलं ते १८५४ मध्येच सांगितलं होतं, पण लंडनमध्ये ते कुणाला ऐकायचं नव्हतं. जहाजं सापडली २०१४ आणि २०१६ साली. ‘टेरर’ ज्या उपसागरात मिळालं त्याचं नाव आधीपासूनच ‘टेरर बे’ होतं. हा वहीतला माझा आवडता चमत्कार, पण आज त्याची मजा येत नाहीये.

तू म्हणशील, बाबा, तू कुठलं कुठे नेतोस. खरं आहे. आई मघाशी दारातून डोकावून म्हणाली, ‘बर्फात गेलेल्यांची गोष्ट लिहितोयस ना? पोरीला बरं वाटू दे आधी.’

तर मग मी माझीही एक नोंद लिहितो, जी वहीत नाही. तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा आणि आईचं ऑपरेशन. अकरा दिवस तू रोज रात्री फोन करायचीस आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून सांगायचो, ‘आई झोपलीये. सगळं ठीक आहे.’ एकदा मागे स्ट्रेचरचा आवाज झाला तर मी म्हटलं, कपाट सरकवतोय. तू विचारलंस, रात्री साडेदहाला? तरीही तू विश्वास ठेवलास. शेवटच्या पेपरनंतर तुला कळलं तेव्हा तू काय बोललीस ते मला शब्द न शब्द पाठ आहे. तेव्हा ‘ठीक आहे’ हे तू कुणाकडून शिकलीस याचा मला फार तपास करावा लागणार नाही. अवीलाही मी तेच सांगितलं. तो हसला. हसण्यासारखं नव्हतं.

त्या वेळी माझा हिशेब असा होता की पेपर झाला की सांगू. सांगायला वेळ आहे, असं गृहीत धरलं होतं. इब्न बतूता एकविसाव्या वर्षी, १३२५ साली, टॅंजिअरहून हजला म्हणून निघाला. आईवडील दोघंही हयात होते. मक्केहून परतायचं सोडून तो पुढेच जात राहिला. दिल्लीत मुहंमद तुघलकाकडे काझी झाला, मालदीवला गेला, चीनला गेला. लाखभर किलोमीटर फिरला असं अभ्यासक मोजतात. शाळेत आपण एवढंच शिकतो. मी वहीत त्याच्या खाली दोन ओळी लिहिल्यात. १३४८ मध्ये तो दमास्कसला पोचला तेव्हा त्याला कळलं की वडील वारून पंधरा वर्षं झाली. पुढल्या वर्षी घराजवळ आला तेव्हा कळलं, आई काही महिन्यांपूर्वीच प्लेगमध्ये गेली. पंधरा वर्षं तो मनातल्या मनात एका जिवंत माणसाचा मुलगा होता.

मी आणि आई ठणठणीत आहोत. उदाहरण चुकलं. माझं रक्तदाब वगैरे सगळं... थांब, हेही ‘ठीक आहे’च झालं. सकाळचं १४८ बाय ९२ आहे. गोळी वाढवलीये. आता बोल.

इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यात पपायरसचे ढीग सापडले, त्यात थिऑन नावाच्या पोराचं बापाला पत्र आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं. बापाचं नावही थिऑनच. बाप त्याला मागे ठेवून अलेक्झांड्रियाला गेला, म्हणून पोरगं उसळलंय: मला नेलं नाहीस तर मी तुला पत्र लिहिणार नाही, तुझ्याशी बोलणार नाही, वाद्य पाठवलं नाहीस तर जेवणार नाही, पाणी पिणार नाही, बस्स! शुद्धलेखनाच्या चुकांसकट. तू नाशपातीच्या त्या प्रकरणात दोन दिवस माझ्याशी चिठ्ठ्यांवर बोलत होतीस, तेव्हा मी ही गोष्ट आईला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, जपून ठेव ही वही, पुढे उपयोगी पडेल. त्याच वाळूतल्या दुसऱ्या एका गावातून आणखी एक पत्र मिळालंय, पोलिऑन नावाच्या शिपायाचं. तो रोमन फौजेबरोबर पार पॅनोनियात, म्हणजे आजच्या हंगेरीकडे, पोचलाय आणि घरच्यांना विनवतोय की मी सहा पत्रं पाठवली, तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाही. अठराशे वर्षं झाली. या दोघांतला मी कोण आणि तू कोण, ते दर आठवड्याला बदलतं.

पुढे स्पेनला जाशील तेव्हाची जागा आत्ताच सांगून ठेवतो. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर बिदासोआ नदीत फेझंट बेट नावाचा एक चिमुकला तुकडा आहे. वर्षातले सहा महिने तो स्पेनचा आणि सहा महिने फ्रान्सचा. १ फेब्रुवारीला स्पेनकडे येतो, ऑगस्टमध्ये फ्रान्सकडे जातो. लोक हीच गंमत सांगतात. १६५९ मध्ये तिथे दोन्ही देशांचा तह झाला, आणि १६६० च्या जूनमध्ये स्पेनच्या राजाने, चौथ्या फिलिपने, आपली मुलगी मारिया तेरेसा त्याच बेटावर फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या हाती, त्याची राणी म्हणून, सोपवली. मंडपाची सजावट चित्रकार व्हेलास्केथने पाहिली होती, तो दोन महिन्यांत वारला. फिलिप १६६५ मध्ये गेला. बापलेकींची पुन्हा भेट नाही. बेटावर उतरायला सहसा परवानगी नसते, पण काठावरून दिसतं. मला तिथे जायचं होतं, एके काळी. तू बघ, आणि मला सांगू नकोस किती लहान आहे ते. माझ्या डोक्यात ते बरंच मोठं आहे.

नकाशावरून आठवलं. सात-आठ वर्षांची असशील. भिंतीवरचा जगाचा नकाशा तू खुर्चीवर चढून टाचण्यांसकट उपटलास, मी धावत आलो, तर तू त्याची गुंडाळी करून रशियाचं टोक अलास्काच्या टोकाला भिडवून बसली होतीस. ‘बाबा, हे तर शेजारी आहेत. यांना लांब का टांगलंय?’ त्या दोन टोकांमधल्या सामुद्रधुनीत डायोमीड नावाची दोन बेटं आहेत, एक रशियाचं, एक अमेरिकेचं, मध्ये चारेक किलोमीटर पाणी आणि मधूनच तारीख बदलणारी वाररेषा. एका बेटावरून पाहिलं की समोर उद्या दिसतो. ते मी तुला सांगितलं आणि तू विचारलंस, ‘मग उद्या काय होणार ते ते लोक ओरडून सांगत का नाहीत?’ फाटलेल्या नकाशाबद्दल ओरडायचं राहूनच गेलं. तो आता अवीच्या खोलीत आहे, चिकटपट्टी पिवळी पडलीये. त्या दिवशीच कळायला हवं होतं की ही घरात थांबणार नाही.

तर लोकेशनचं. तू नाही म्हणालीस ते बरोबर होतं, हे मी आईसमोर कबूल केलंय, आता लेखी करतो. नकाशावर निळा ठिपका हलताना बघत बसलो असतो तर मीच आजारी पडलो असतो. ठिपकाही शेवटी ‘ठीक आहे’च सांगतो. माणूस तिथे आहे एवढंच.

इंग्लंडात १८४० मध्ये पेनी पोस्ट सुरू होण्याआधी पत्राचं टपालहशील सहसा घेणाऱ्याला भरावं लागायचं, आणि ते गरिबाला परवडायचं नाही. मग लोकांनी युक्ती काढली. पत्रावर पत्त्यातच खुणा करायच्या. पोस्टमनने पत्र दारात आणलं की खूण बघायची आणि ‘नको, परत ने’ म्हणायचं. आत कोरा कागद. कवी कोलरिजची एक गोष्ट सांगतात, की त्याने एका बाईची दया येऊन असं पत्र पैसे देऊन सोडवलं, तर आत काहीच नव्हतं. भावाने खुशाली कळवायची ठरवलेली खूण होती ती. हा तर आपला मिस्ड कॉल! तू वसतिगृहात पोचलीस की दोन रिंग देऊन ठेवायचीस. आई तोवर दिवा घालवायची नाही.

पण मला आता दोन रिंगा नकोत. ऑक्सिमीटर सामानात आहे, मी स्वतः मोज्यात गुंडाळून ठेवलाय, पेटी लाल. रोज सकाळी बोट घाल आणि जो येईल तो आकडा पाठव. उंचावर तो कमीच असतो हे मी वाचलंय. ८८ दिसला तरी मी फोन करणार नाही. म्हणजे लगेच करणार नाही. डोकं दुखत असेल तर ‘डोकं’ एवढं लिही. उलटी झाली तर ‘उलटी’. दोन शब्द तू तसेही लिहितेस, ते वेगळे लिही. बदल्यात मी माझं रक्तदाब रोज पाठवीन, खरं ते, आणि आईचा अहवाल येईल तोही पाठवीन. आईचा कसला अहवाल, ते आई सांगेल. गंभीर नाही. डॉक्टर गंभीर नाही म्हणाले, तारीख बुधवार आहे, अहवाल आला की मूळ कागदाचा फोटोच पाठवतो, म्हणजे माझ्या शब्दावर राहायला नको.

पूल बघायला जाणार असलीस तर आधी चार दिवस कुस्कोतच काढ.

तुझा,
बाबा

ता. क. आजचा आकडा अजून आलेला नाही. तिथे अजून पहाट झाली नसेल. वाट बघतो.